घरट्यापाशी बसलेली माणसं

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी शाळेतल्या सात-आठ मुलांना घेऊन वर्सोव्याच्या खाडीवर गेलो होतो. ओहोटी होती. मढची फेरीबोट धक्क्याला लागत होती. पलीकडे पाण्यातल्या एका खुंटावर तो बसला होता. पांढरं पोट, तपकिरी पाठ, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला काळपट पट्टा आणि पंजाखाली अर्धा खाल्लेला मासा. इंग्रजीत त्याला ऑस्प्रे म्हणतात. माशाशिवाय तो जवळपास काहीच खात नाही, म्हणून मुलं त्याला सरळ ‘मच्छीवाली घार’ म्हणतात.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ह्याचं घरटं कुठंय? पिल्लं बघायला मिळतील?"

मी म्हटलं, "इथे नाही मिळणार, बेटा. हा हिवाळ्याचा पाहुणा आहे. घरटं तिकडे उत्तरेत करतो."

तिचा चेहरा पडला. घरट्याची गोष्ट तरी सांगायला हवी होती, असं घरी येताना वाटत राहिलं. ती गोष्ट आज इथे लिहितो आहे.

उर्दूच्या वर्गात आम्ही मुलांना इक्बालांचा शाहीन शिकवतो. शाहीन घरटं बांधत बसत नाही, हे तर मुलांना पाठच असतं. पक्षीशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरंचसं खरं आहे. शाहीन कड्याच्या कपारीत उघड्या जागेवर अंडी घालतो, काड्या गोळा करत नाही. ऑस्प्रे नेमका उलटा. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचं भलंमोठं घरटं रचतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर परत येतो. दर वर्षी डागडुजी होते, घरटं वाढत जातं. मादी साधारण दोन-तीन अंडी घालते. ती पाच-साडेपाच आठवडे उबवावी लागतात. या काळात आणि नंतरही मासे आणण्याचं काम मुख्यतः नराचं. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्याला काट्यांसारखी खरखर असते, त्यामुळे निसटता मासा सुटत नाही. मासा नेताना तो त्याचं डोकं पुढे ठेवतो, म्हणजे वारा कमी अडतो. मादी माशाचे बारीक तुकडे करून पिल्लांना भरवते. सात-आठ आठवड्यांनी पिल्लं उडू लागतात.

हे सगळं आपल्याला कळलं, कारण कुणीतरी घरट्यासमोर तासन्‌तास बसलं. या बसण्यालाही एक इतिहास आहे, आणि तो बंदुकीपासून सुरू होतो.

स्कॉटलंडमध्ये एके काळी ऑस्प्रे भरपूर होते. तळ्यातले मासे खातो म्हणून लोकांनी त्याला मारलं. दुर्मीळ झाला, तेव्हा श्रीमंत शौकिनांनी संग्रहासाठी त्याची अंडी पळवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथला वीण करणारा ऑस्प्रे संपला. १९५४ साली एक जोडी लॉक गार्टन या तळ्याकाठी परत आली. पण चोरही परत आले. १९५८ मध्ये पहारा असतानाही रात्री एक जण झाडावर चढला आणि खरी अंडी काढून त्या जागी बुटाचं पॉलिश फासलेली कोंबडीची अंडी ठेवून गेला!

पुढच्या वर्षी पक्षी-संरक्षण संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी वेगळाच विचार केला. घरटं गुपित ठेवून चोर थांबत नाहीत, मग सगळ्यांनाच बोलवू. सुरक्षित अंतरावर आडोसा बांधला, दुर्बिणी लावल्या आणि जाहीर केलं की या, बघा. १९५९ च्या त्या एका मोसमात सुमारे १४ हजार माणसं आली. घरट्यातून तीन पिल्लं उडाली. आज स्कॉटलंडमध्ये ऑस्प्रेच्या दोनशेहून अधिक जोड्या आहेत. हजारो डोळे घरट्यावर असणं, हाच घरट्याचा पहारा झाला.

पण घरट्यापाशी बसण्याची रीत काही फक्त इंग्रजांची नाही. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी, १६१८ च्या सुमारास, अहमदाबादेत मुक्काम असताना बादशाह जहांगीर सारसांच्या एका जोडीसमोर असाच बसत होता. ही जोडी त्याने पाळली होती. नावं ठेवली होती लैला आणि मजनू. त्यांनी अंडी घातली, तेव्हा राज्यकारभार सांभाळत तो रोजच्या हालचाली टिपू लागला. रात्रभर मादी अंड्यांवर बसते आणि नर शेजारी उभा राहून पहारा देतो. पहाटे नर चोचीने तिची पाठ खाजवतो, मग ती उठते आणि तो बसतो. अंड्यातून पिल्लू यायला ३४ दिवस लागले, हेही त्याने लिहून ठेवलं. हे सारं ‘तुझुक-ए-जहांगिरी’त आहे.

त्यातला एक प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. नर सारस पिल्लाला चोचीत उलटं धरून उचलतो, हे बादशहाला दिसलं. बाप पिल्लाला मारून टाकील या भीतीने त्याने नराला वेगळं ठेवायचा हुकूम दिला. नंतर त्यालाच शंका आली. पडताळून पाहावं म्हणून त्याने नराला पुन्हा पिल्लांजवळ सोडायला सांगितलं. दिसलं ते असं की, बापाची माया आईपेक्षा तसूभरही कमी नव्हती. आपला अंदाज चुकला होता, हे हिंदुस्थानच्या बादशहाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं.

याच जहांगिराने आपल्या शिकारीचाही हिशेब लिहिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याने स्वतः मारलेल्या जनावरांचा आणि पक्ष्यांचा आकडा १७,१६७ आहे. म्हणजे मारणारा हात आणि बघणारा डोळा एकाच माणसाचे होते. इतिहास शिकवताना आपण यातलं एक ठेवून दुसरं लपवू नये.

हे दोन हात आपल्या मुंबईतल्या एका मुलाच्या आयुष्यातही दिसतात. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळलं. हातात एअरगन होती. गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी त्यांनी मारली आणि ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. नऊ-दहा वर्षांच्या वयात त्यांनी तबेल्यातल्या चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली होती. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. त्यांनी नर मारला. थोड्या वेळाने दुसरा नर येऊन बसला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी नवा आला. हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं. घरट्यावरची ही त्यांची पहिली नोंद.

वाचताना अंगावर काटा येतो. मला अबू दाऊदच्या संग्रहातली एक हदीस आठवते. प्रवासात काही सहाबांनी एका छोट्या पाखराची दोन पिल्लं उचलली. आई पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. रसूलुल्लाह (स.) आले, त्यांनी विचारलं की हिला हिच्या पिल्लांवरून कुणी दुखवलं, आणि पिल्लं परत ठेवायला सांगितली. लहानपणी आमच्या अम्मीने ही गोष्ट सांगितली होती, तेव्हा मी खिडकीतल्या कबुतराचं अंडं हातात घेऊन उभा होतो.

तोच एअरगनवाला मुलगा १९३० मध्ये आपल्याला अलिबागजवळच्या किहीमला भेटतो. जर्मनीत एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून आलेला, पण नोकरी गेलेला. संग्रहालयातलं त्यांचं पद पैशांअभावी बंद झालं होतं. पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडी उभी केली, वर कापडाचा आडोसा बांधला आणि पावसाळाभर त्यात बसून राहिले. दिसलं ते आधी कुणी नीट मांडलं नव्हतं. नर घरटं अर्धं विणतो. माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती ताबा घेते, मग नर ते पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. पिल्लांचा भार आईवर पडतो. ऑस्प्रेच्या बापाशी तुलना करून बघा! हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याआधी, १९२७-२८ मध्ये, त्याच नियतकालिकात त्यांनी मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली होती. जहांगीर त्यांना चांगला ठाऊक होता.

सालिम अलींचा फोटो आपल्या अनेक शाळांच्या भिंतीवर असतो, ‘आपले थोर शास्त्रज्ञ’ या मथळ्याखाली. ते काही धार्मिक वृत्तीचे नव्हते, हे त्यांच्या आत्मचरित्रात स्पष्ट आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून त्यांच्यावर हक्क सांगण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. हक्क सांगायचाच तर त्या शिडीवर सांगावा, तिथल्या सब्रवर सांगावा. पालक मला विचारतात, "सर, पक्षी बघून मार्क मिळतात का?" मिळत नाहीत. पण आपला अंदाज चुकू शकतो आणि तो पुन्हा तपासून बघायचा असतो, हे मूल घरट्यापाशी शिकतं. बापाला पिल्लांपासून तोडणारा बादशाह हे शिकला. आठ चिमणे मारणारा मुलगाही शिकला. इल्म म्हणजे दुसरं काय?

आता पुन्हा आपल्या खाडीकडे येऊ. ऑस्प्रेचं पिल्लू उडायला लागलं की काही आठवड्यांत एकटंच दक्षिणेकडे निघतं. आईबाप वाट दाखवायला सोबत नसतात. जिथे हिवाळा काढायचा तिथे पोचल्यावर बहुतेक पिल्लं पुढच्या उन्हाळ्यात घरी परतत नाहीत, तिथेच राहून मासेमारीत तरबेज होतात. म्हणजे पिल्लू वाढवण्याचं अर्धं काम घरटं करतं आणि उरलेलं अर्धं अशी एखादी खाडी करते. खाडीत मासे हवेत, आणि लहान माशांना वाढायला तिवरांची मुळं हवीत. ही गोष्ट वर्सोव्याच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, पुस्तक उघडावं लागणार नाही.

तिवरं तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठी मात्र न्यायालयाची परवानगी मागता येते. वर्सोव्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या सागरी मार्गाच्या आराखड्यात हजारो तिवरं येतात. रस्ता नको असं मी म्हणत नाही. अंधेरीच्या गर्दीत रोज दोन तास मीही घालवतो. पण तोडलेल्या तिवरांच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावली, तर ती या खाडीतल्या माशांच्या काय कामाची?

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात सांगितलं, "ऑस्प्रेचं घरटं इथे नाही, पण समुद्र गरुडाचं कोकणात आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने त्याच्या घरट्यांवर काम केलंय. मे महिन्यात गावी गेलीस की उंच झाडांवर नजर ठेव."

ती म्हणाली, "आणि तोपर्यंत, सर?"

तोपर्यंत तिच्या इमारतीच्या पाईपवर एक बुलबुल बसतो. तिला एक वही दिली आहे. अट एकच, घरट्याला हात लावायचा नाही. पहिल्या पानावर तिने तारीख, वेळ आणि एक ओळ लिहिली आहे: ‘आज दोघं काडी घेऊन आले. कुठे ठेवली ते दिसलं नाही. उद्या बघेन.’