जोडीदाराचं रेडिएशन सुरू होणार आहे? पहिल्या सिटिंगआधी घरात करायची तयारी

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जखम भरत आली की डॉक्टर अनेकदा पुढचा टप्पा सांगतात: रेडिएशन. काही जण याला नुसतं 'लाईट घेणं' म्हणतात. साधारण ३० सिटिंग, आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे सहा आठवडे. यात रोज मशीनवर जाणारा वेळ जेमतेम १०-१५ मिनिटांचा. बाकीचा उपचार स्वयंपाकघरात, प्रवासात आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा सुरू असतो. तिथे डॉक्टर नसतात, नवरा किंवा बायको असते.

त्यामुळे फाईल सांभाळण्यापलीकडे जोडीदाराने काय करायचं, हे पहिल्या सिटिंगच्या आधीच समजून घेतलेलं बरं.

मास्क आणि वजन

सुरुवातीला पेशंटच्या मापाचा मास्क बनवतात. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर, काही वेळा खांद्यापर्यंत बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. हा मास्क टेबलाला अडकवला की डोकं हलत नाही आणि किरणं ठरलेल्या जागीच पडतात. मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो. त्यावरून कुठे किती डोस द्यायचा याचं प्लॅनिंग होतं. यात काही दिवस जातात, याचा अर्थ कुणी टाळाटाळ करतंय असा नाही.

आता खरा मुद्दा. हा मास्क त्या दिवशीच्या चेहऱ्याचा असतो. पुढे वजन बरंच उतरलं, गाल बसले, तर तो सैल होतो. मग कधी कधी नवा मास्क, नवा स्कॅन आणि नवं प्लॅनिंग करावं लागतं. म्हणजे घरात पोटात काय जातंय याचा थेट संबंध किरणं कुठे पडतात याच्याशी आहे. 'खाऊन घे गं' ही नुसती माया नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

मास्कच्या दिवशी दाढी काढून जायचं, कवळी असेल तर तिचं काय करायचं ते विचारायचं. पेशंट बायको असेल तर कानातलं, चमकी आणि मंगळसूत्र काढावं लागतं. मानेची कातडी नाजूक होणार असल्याने सहा आठवडे गळा मोकळाच ठेवलेला चांगला. यावरून घरात कुरबूर होऊ शकते. ती थांबवायचं काम नवऱ्याचं. तिने आजारपणात सासू-नणंदांना समजावत बसू नये.

बंद जागेची भीती वाटत असेल तर टेक्निशियनला आधी सांगा. खोलीत पेशंट एकटा असतो, पण बाहेरून कॅमेऱ्यात दिसतो. हात वर केला की मशीन थांबवतात.

दात आधी, किरणं नंतर

हे हमखास राहून जातं. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाची जखम नीट भरत नाही. तेव्हा दात काढायची वेळ आली तर हाड कुजण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. म्हणून किडलेले, हलणारे दात आधीच काढतात आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात. डेंटिस्टची चिठ्ठी आणली का, हे जोडीदाराने विचारायचं.

तंबाखू, गुटखा आणि मिश्री बंद. मिश्रीला अनेक बायका व्यसन मानतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत. आणि पेशंटने सोडलेली पुडी जोडीदाराच्या खिशात असेल, तर सोडणं किती दिवस टिकेल?

ताटात काय?

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड येतात, चव जाते, लाळ घट्ट होते. तिखट, आंबट आणि कडक पदार्थ झोंबतात. मऊ मुगाची खिचडी भरपूर तूप घालून, नाचणीची खीर, पातळ उपमा, मऊ अंडं, सोसेल तसं दही. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून लिहून ठेवा. घास गिळवेनासा झाला तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सांगतात. ती शेवटची पायरी नाही. तिच्यामुळे वजन टिकतं आणि नंतर ती निघते.

स्वयंपाक कधीच न केलेल्या नवऱ्यांनी निदान खिचडी आणि खीर आत्ताच शिकून घ्यावी. तिच्या तोंडात फोड आल्यावर तिनेच फोडणीसमोर उभं राहायचं, हे दृश्य आपल्याकडे फार नवं नाही.

मानेवर हळद, उटणं, तेल, घरगुती लेप काही लावू नका. विभागात विचारल्याशिवाय क्रीमही नाही. गळ्याला न घासणारे सुती कपडे चालतात.

सिटिंग चुकवू नका

मध्ये खंड पडला की उपचाराचा परिणाम कमी होतो. म्हणून सहा आठवडे कोण सोबत जाणार याचा कागद आधीच करा: भाऊ, दीर, शेजारी. गावाहून येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय सुरुवातीलाच बघावी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये उपचार असतील तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करता येते. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि एसी थ्री टायरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा फॉर्म लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन येतं, पण योजनेतल्या रुग्णालयातच आणि मंजुरी घेऊन. तिथल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी भेटा.

बाहेरून दिलेल्या किरणांमुळे पेशंटच्या अंगातून काही 'बाहेर पडत' नाही. नातवंडांना जवळ घ्या, एका खोलीत झोपा. ताट-वाटी वेगळी ठेवायची काहीच गरज नाही.

बोलताना दुखू लागेल तेव्हासाठी छोटी वही किंवा मोबाईलवरचे ठरलेले मेसेज तयार ठेवा: पाणी, दुखतंय, एकटं राहू दे. तिसराही लिहा.

सुट्टी मागताना एक हिशोब लक्षात घ्या. शेवटच्या सिटिंगनंतर त्रास लगेच थांबत नाही, पुढचे एक-दोन आठवडे तो वाढूही शकतो. तेव्हा नातेवाईकांचे फोन कमी झालेले असतात. रजेचे आठ-दहा दिवस त्या काळासाठी राखून ठेवा.