मोमेंट मार्केटिंग

मोमेंट मार्केटिंग : लोकांच्या तोंडी असलेल्या ताज्या घटनेचा धागा पकडून, ती शिळी व्हायच्या आत, ब्रँडच्या नावाने केलेली जाहिरात. घटना कोणतीही चालते : क्रिकेटचा सामना, निवडणुकीचा निकाल, गाजणारा चित्रपट, पहिला पाऊस, रातोरात पसरलेला एखादा व्हिडिओ. मराठीत तिला प्रासंगिक जाहिरात म्हणता येईल. मुंबईच्या जाहिरात व्यवसायातला जुना शब्द ‘टॉपिकल’ असा आहे, तर समाजमाध्यमांचे काम पाहणारी तरुण मंडळी सरळ ‘ट्रेंड पकडला’ असे म्हणतात. एरवीच्या जाहिरातीत माल पुढे असतो. येथे प्रसंग पुढे असतो आणि माल त्याच्या खांद्यावरून डोकावतो. किंमत, सवलत, गुणधर्म यांचा उल्लेख बहुधा नसतोच. वाचणाऱ्याला हसू यावे, त्याने ते चित्र चार जणांना पाठवावे आणि जाता जाता ब्रँडचे नावही पोहोचावे, एवढीच अपेक्षा.

हा प्रकार इंटरनेटने जन्माला घातला असे समजले जाते, ते खरे नाही. भारतात त्याचा पाया मुंबईच्या रस्त्यांवरच्या होर्डिंगांनी घातला. १९६६ मध्ये अमूल लोण्याच्या जाहिरातीचे काम सिल्वेस्टर दा कुन्हा यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर कलादिग्दर्शक म्हणून युस्टेस फर्नांडिस होते. त्यांनी काढलेली ठिपक्यांच्या झग्यातली, निळ्या केसांची मुलगी आजही तशीच आहे. जाहिरातीच्या घोषवाक्यातील ‘अटर्ली बटर्ली’ ही जोडगोळी सिल्वेस्टर यांच्या पत्नी निशा दा कुन्हा यांनी सुचवलेली. समोर स्पर्धक होता पॉल्सन. मुंबईत या लोण्याचा दबदबा एवढा की खुशामत करण्याला ‘पॉल्सन लावणे’ असा वाक्प्रचार रूढ झाला. लोणी बाजारातून गेले तरी तो बरीच वर्षे टिकला. भाषेत जाऊन बसलेल्या अशा मालाला हटवायचे तर आपल्यालाही लोकांच्या बोलण्यातच शिरले पाहिजे, असा हिशेब या जाहिरातींमागे कोणी मांडला होता की नाही हे बाजूला ठेवू; घडले मात्र तसेच. घोड्यांच्या शर्यती, हरे कृष्ण पंथाची लाट, संप, सिनेमा, मंत्री यांतले जे शहरात गाजत असेल ते फलकावर येऊ लागले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचा विषयही या मुलीने सोडला नाही. इंग्रजीत नसबंदी आणि निर्जंतुकीकरण या दोहोंना एकच शब्द चालतो, त्यावर तो श्लेष उभा होता. मराठीत तो उतरत नाही. अमूलचे बरेचसे विनोद असेच इंग्रजी आणि मुंबईया हिंदी यांच्या सरहद्दीवर राहतात.

तेव्हाचे फलक रंगारी हाताने रंगवत. म्हणजे आजच्या मानाने सगळा कारभार संथच. तरीही तो चालला, कारण अमूलचे प्रमुख वर्गीस कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली होती : प्रत्येक जाहिरात आधी आणंदच्या मुख्यालयाला पाठवून मंजूर करून घ्यायची नाही. या प्रकारच्या जाहिरातीत विनोदबुद्धीचे फार कौतुक होते. पण खरी दुर्मीळ गोष्ट आहे ती ही मोकळीक. चुरचुरीत ओळ सुचणारे लोक कोणत्याही एजन्सीत सापडतात. ‘लावून टाका, पुढचे मी बघतो’ म्हणणारा क्लायंट सापडत नाही. पुढे सिल्वेस्टर यांचे पुत्र राहुल दा कुन्हा यांनी काम हाती घेतले, होर्डिंगांबरोबर फेसबुक-ट्विटर आले, जाहिरातींची संख्या वाढली; मांडणी मात्र तीच राहिली. जून २०२३ मध्ये सिल्वेस्टर गेले, तेव्हा अमूलने रडणाऱ्या मुलीचे कृष्णधवल चित्र प्रसिद्ध केले.

अंकीय माध्यमांत या तंत्राचा दाखला म्हणून जगभर सांगितला जातो तो ओरिओ बिस्किटांचा. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, चालू असताना मैदानातली वीज गेली आणि खेळ ३४ मिनिटे थांबला. त्या अवधीत ओरिओच्या ट्विटर खात्यावर एक चित्र आले : काळोख, कोपऱ्यात उजेडात एक बिस्किट, आणि अंधारातही बिस्किट दुधात बुडवता येते अशा अर्थाची ओळ. तासाभरात ते दहा हजारांहून अधिक वेळा पुढे पाठवले गेले. याच सामन्यात तीस सेकंदांच्या दूरचित्रवाणी जाहिरातीला लाखो डॉलर मोजावे लागतात. हे चित्र जवळजवळ फुकटात झाले. गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. त्या रात्री एजन्सीच्या लेखक-चित्रकारांबरोबर मंजुरी देऊ शकणारे कंपनीचे अधिकारीही बसलेले होते. आणंद आणि न्यू ऑर्लिन्स यांत अंतर कितीही असो, किल्ली एकच.

भारतात या प्रकाराला उधाण आले ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली आणि प्रसंग पुरवण्याचे काम बातम्यांकडून लहान व्हिडिओंकडे सरकले. ऑगस्ट २०२० मधले ‘रसोडे में कौन था’ हे याचे ठळक उदाहरण. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) यशराज मुखाते या तरुण संगीतकाराने ‘साथ निभाना साथिया’ या हिंदी मालिकेतील सासूबाईंच्या फैलावर घेण्याला ताल-सूर लावले. टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाला ते इतके भावले की त्यातल्या कुकर, चणे आणि स्वयंपाकघर यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या ब्रँडांनीही त्यावर आपापली पोस्ट टाकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पार्टी’ला ‘पावरी’ म्हणणाऱ्या पाकिस्तानातील व्हिडिओचे तेच झाले. सरकारी खातीही यात मागे राहत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आलेल्या मुंबई पोलिसांनी चित्रपटातले संवाद आणि चालू मीम वापरून हेल्मेट, पासवर्ड, मद्यपान करून गाडी चालवणे असे रुक्ष विषय लोकांच्या गळी उतरवले.

कामाची रीत दोन प्रकारची. ठरलेले प्रसंग महिनाभर आधी दिनदर्शिकेत मांडलेले असतात : गुढीपाडवा, आषाढी, मराठी भाषा गौरव दिन, अंतिम सामना. त्यांचे ‘क्रिएटिव्ह’ तयार असते, दोन्ही निकाल गृहीत धरून दोन चित्रे करून ठेवली जातात आणि हरल्याचे फेकून दिले जाते. यातून सगळ्यांचे सारखेच चित्र ही नवी पंचाईत उभी राहते. आषाढी एकादशीला टायरपासून टूथपेस्टपर्यंत प्रत्येक मालाचे हात कमरेवर जातात. विटेवर कोण उभे आहे हे बोधचिन्ह पाहूनच कळते. तालुक्याच्या ठिकाणचा दुकानदारही आता मोबाइलवरच्या अॅपमधून तयार शुभेच्छापत्र घेतो, खाली आपला फोटो आणि नंबर चिकटवतो आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला लावतो. त्याला मोमेंट मार्केटिंग म्हणावे का, यावर एजन्सीतले लोक नाक मुरडतील. पण गिऱ्हाईक ओळखीचे असल्यामुळे त्याचा उपयोग त्यांच्या पोस्टपेक्षा जास्त होत असण्याचा संभव आहे.

न ठरलेल्या प्रसंगाला मात्र तासांचे गणित असते. कोणी तरी दिवसभर ट्रेंड चाळत असतो, ओळ सुचते, डिझायनर चित्र करतो, मग ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाते आणि तिथे थांबते. ब्रँड मॅनेजर बैठकीत असतो, त्याच्या वरिष्ठाला लोगो मोठा हवा असतो, विधी विभागाला शंका असते. सकाळचा विनोद संध्याकाळी प्रसिद्ध होतो. यशाचे मोजमाप लाइक, शेअर आणि रीच यांत होते. त्यातून माल किती खपला हे सांगणे अवघड. नाव लक्षात राहते, आणि रोजच्या वापरातल्या स्वस्त मालाला तेवढे पुरते. विमा किंवा सदनिका विकणाऱ्याने त्याच मापाने यश मोजणे ही स्वतःची समजूत काढणे होय.

घाईचे धोके उघड आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये कैरोत जनता रस्त्यावर उतरलेली असताना केनेथ कोल या अमेरिकी फॅशन ब्रँडने त्या गदारोळाचा संबंध आपल्या नव्या कपड्यांशी जोडला आणि माफी मागितली. सप्टेंबर २०१४ मध्ये कौटुंबिक हिंसा सोसलेल्या स्त्रिया ज्या हॅशटॅगखाली आपले अनुभव लिहीत होत्या, तो डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडने आपल्या विनोदासाठी वापरला. हॅशटॅग कशाबद्दल आहे हे न वाचताच ती पोस्ट टाकली गेली होती.

यापेक्षा चिवट प्रश्न हक्काचा आहे : प्रसंग कोणाच्या मालकीचा? १ ऑगस्ट २०२१ रोजी पी. व्ही. सिंधू हिने टोकिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले आणि तिच्याशी कोणताही करार नसलेल्या ब्रँडांनी तिचे नाव व छायाचित्र लावून अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. तिचे व्यावसायिक काम पाहणाऱ्या बेसलाइन व्हेंचर्सने सुमारे वीस ब्रँडांविरुद्ध कायदेशीर पावले उचलली. अभिनंदन कोणीही करावे. पण त्याच्या कोपऱ्यात लोगो आला की ती जाहिरात होते, हा त्यामागचा मुद्दा. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही, परवानगीशिवाय एखाद्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा उल्लेख करून मालाला गैरवाजवी फायदा मिळवून देऊ नये, असे कलम आहे. ही संहिता स्वनियमनाची असल्यामुळे तिचा धाक मर्यादित. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवतो. पण अभिनंदनाची पोस्ट दिशाभूल करणारी ठरवणे सोपे नाही. म्हणून असे वाद व्यक्तिमत्त्व-हक्काच्या अंगाने न्यायालयात जातात. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, आवाज आणि प्रतिमा यांच्या विनापरवाना व्यावसायिक वापराला मनाई केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली चित्रे व आवाजही त्या मनाईत आले. दाव्यात संरक्षण मागितलेल्या गोष्टींत त्यांच्या खास ढबीत म्हटला जाणारा एक शब्दही होता : ‘झकास’.