ॲडलेड रिव्हरची दफनभूमी

उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदरातून स्टुअर्ट महामार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला सुमारे ११५ किलोमीटरवर ॲडलेड रिव्हर हे चिमुकले गाव लागते. वस्ती काही शेकड्यांची. परंतु गावालगतच्या हिरवळीत दुसऱ्या महायुद्धातील ४३४ मृतांच्या कबरी आहेत. त्या काळी येथे लष्कराचा मोठा तळ व रुग्णालय होते. अधिकारी असो वा साधा शिपाई, सर्वांच्या कबरी सारख्याच.

शेजारच्या विभागात ६३ नागरिक विसावले आहेत. त्यांतील काहींची कहाणी १९ फेब्रुवारी १९४२ ची, म्हणजे राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवसाची आहे. त्या सकाळी बॅथर्स्ट बेटावरील मिशनकेंद्रातून फादर जॉन मॅकग्राथ यांनी डोक्यावरून दक्षिणेकडे जाणारा प्रचंड विमानताफा पाहिला आणि सुमारे ९.३५ वाजता बिनतारी यंत्रावरून डार्विनला इशारा दिला. काही मिनिटांतच तो हवाई दलाकडे पोहोचला. मात्र खराब हवामानामुळे परतणारी अमेरिकन लढाऊ विमाने अपेक्षित असल्याने ही तीच असावीत, असे तेथे गृहीत धरले गेले. भोंगा वाजला नाही. ९.५८ च्या सुमारास बॉम्ब पडू लागले. पहिल्याच हल्ल्यात १८८ जपानी विमाने होती. त्या दिवशी किमान २३५ माणसे प्राणास मुकली.

शहरातील बहुतेक स्त्रिया व मुले आधीच सुरक्षित स्थळी हलविली गेली होती. तथापि टपाल कचेरीतील टेलिफोन सांभाळणाऱ्या काही तरुणी कामावर थांबल्या होत्या. कचेरीच्या आवारातील खंदकात आश्रय घेतला असता त्यावरच बॉम्ब पडला. पोस्टमास्तर हर्टल बाल्ड, त्यांची पत्नी ॲलिस व कन्या आयरिस यांच्यासह नऊजण ठार झाले. टपाल कचेरीतील या मृतांना ॲडलेड रिव्हरला चिरविश्रांती मिळाली. त्या कचेरीच्या जागी १९९४ साली प्रांताचे विधानभवन उभे राहिले.

फादरांच्या इशाऱ्यानंतर वीस मिनिटांहून अधिक अवधी हाती होता. तेवढ्यात शहर वाचले नसते; पण माणसे खंदकांत, झाडीत पांगली असती, कित्येक जीव वाचले असते. सोयीचे ते खरे मानण्याची आपली सवय किती जीवघेणी ठरते, याची ही साक्ष आहे. नोव्हेंबर महिन्यात आपल्या प्रियजनांच्या कबरींवर मेणबत्त्या लावताना, कर्तव्याच्या जागी थांबलेल्या या दूरदेशीच्या टपालसेवकांसाठीही एक प्रार्थना करू या.