अभिजात परंपरा, वास्तुकलेतील

प्राचीन ग्रीस व रोममध्ये घडलेली आणि पुढे यूरोपात वेळोवेळी पुनरुज्जीवित झालेली वास्तुपरंपरा. स्तंभ व त्यावरील तुळयांचे परस्परप्रमाण हा तिचा गाभा होय. स्तंभशीर्षावरून साधा, दणकट डोरिक, गुंडाळ्यांचा आयोनिक व पानांच्या नक्षीचा कॉरिंथियन हे मुख्य प्रकार ओळखतात.

अथेन्सचे पार्थेनॉन (इ. स. पू. 447–432) डोरिक रचनेचा कळस मानले जाते. या मंदिरात सरळ दिसणारे फारसे काही सरळ नाही : जोते मध्यभागी किंचित उचललेले, खांब पोटाशी फुगीर व आत कललेले, कोपऱ्यांवरचे खांब इतरांहून जाड. नंतरच्या नकलांत नेमके हेच बारकावे हरवले.

रोमनांनी कमान, घुमट व काँक्रीट यांची भर घातली. रोममधील पँथिऑनचा सुमारे 43 मी. व्यासाचा घुमट लोखंडी सळयांविना आजही उभा आहे. रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअसचा वास्तुकलेवरील ग्रंथ प्रबोधनकाळात नव्याने अभ्यासला गेला आणि इटालियन वास्तुविद पाल्लाद्योच्या 1570 मधील ग्रंथाने ही शैली इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोहोचवली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली. जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन चर्चवर रोमच्या सेंट पीटर्स चर्चची छाप आहे. इंग्लंडमधील वास्तुविद स्ट्यूअर्ट व रेव्हेट यांनी अथेन्समधील अवशेषांची मोजमापे घेऊन 1762 पासून ती प्रसिद्ध केली, तेव्हा ग्रीक शैलीची लाट उसळली. मुंबईचा टाउन हॉल (1833), म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, रुंद पायऱ्या व डोरिक खांबांसह याच लाटेतला.

विसाव्या शतकात पोलाद व प्रबलित काँक्रीटमुळे जाड खांबांची गरज उरली नाही. आधुनिकतावाद्यांनी अलंकरण त्याज्य ठरवले. नाझी राजवटीच्या आश्रयाने शैली बदनामही झाली. न्यूयॉर्कचे याच शैलीतील पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानक 1963 पासून पाडले गेले, त्यावरील संतापातून मात्र वारसा-जतनाला बळ मिळाले. वास्तुविद लेऑन क्रिएरने आखलेली इंग्लंडमधील पाउंडबरी ही वसाहत आणि अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाचा वास्तुकला अभ्यासक्रम ही नव्या प्रयत्नांची उदाहरणे होत.

अमेरिकेत संघराज्याच्या इमारतींसाठी या शैलीला प्राधान्य देणारा आदेश 2020 मध्ये निघाला, 2021 मध्ये रद्द झाला व 2025 मध्ये तसाच आदेश पुन्हा निघाला. अशा फर्मानांनी दर्शनी खांब वाढतील, प्रमाणाची जाण वाढेलच असे नाही. परंपरेचे भवितव्य दगड घडवणारे कारागीर आणि मोजून शिकणारे वास्तुविद किती तयार होतात, यावर अधिक अवलंबून आहे.