‘तालमीचा’ आणि ‘तालमीकडून’ : कोल्हापूरच्या क्रीडाजीवनातील निष्ठा व खेळाडूचा कार्यकाल

कोल्हापूरच्या कुस्ती मैदानात उतरलेल्या मल्लाचा परिचय करून देताना निवेदक नाव, गाव, तालीम व वस्ताद हा क्रम सहसा मोडीत नाही. ‘मोतीबाग तालमीचा मल्ल’, ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ ही त्या परिचयाची ठरीव घडण होय. याच शहरात फुटबॉलच्या खेळाडूविषयी मात्र ‘तो पाटाकडीलकडून खेळतो’, ‘यंदा दिलबहारकडून खेळणार’ असे बोलले जाते. पहिल्या प्रयोगात षष्ठीचा ‘चा’ आहे, दुसऱ्यात ‘कडून’ हे शब्दयोगी अव्यय. षष्ठी नाते सांगते व त्या नात्यास कालमर्यादा घालीत नाही. ‘कडून’ बाजू सांगते, आणि बाजू पालटता येते. फुटबॉलच्या खेळाडूलाही लोक प्रेमाने ‘आमच्या तालमीचा’ म्हणतात हे खरे. परंतु मल्ल ‘गंगावेशकडून लढतो’ असे म्हटलेले कानास खटकते. दोन्ही ठिकाणी संस्थेचे नाव ‘तालीम’ हेच असता हा भेद का पडावा, याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही. ते गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

‘तालीम’ हा शब्द मुळात अरबी. ‘इल्म’, ‘मुअल्लिम’, ‘उलेमा’ या शब्दांच्याच धातूपासून तो झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘शिक्षण देणे’ एवढाच. उर्दूत तो आजही सामान्य शिक्षणाचा वाचक आहे. मराठीने त्याचा अर्थ प्रथम शरीराच्या व हत्यारांच्या शिक्षणापुरता संकुचित केला. नंतर ते शिक्षण जेथे मिळते त्या वास्तूस तेच नाव दिले. (नाटकाची तालीम हा त्याच अर्थाचा दुसरा फाटा.) कोल्हापुरात अर्थविस्ताराची आणखी एक पायरी आढळते. येथे तालीम म्हणजे पेठेची संस्था. तिच्याभोवती उत्सव, मिरवणुका, वर्गणी, भांडणे व समेट हे सर्व घडते, आणि ज्याने उभ्या जन्मात एक जोर काढलेला नाही असा गृहस्थही ‘मी खंडोबा तालमीचा’ असे निःसंकोच सांगतो. ‘वस्ताद’ हा शब्दही असाच फारसी ‘उस्ताद’वरून आला आणि येथील मातीत पुरता मुरला.

मल्लविद्येला कोल्हापुरात जे स्थान लाभले त्याचे श्रेय प्राधान्याने राजर्षी शाहू छत्रपतींकडे (राज्यकाल 1894 ते 1922) जाते. 1902 च्या युरोपयात्रेत त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागृहाचे अवशेष पाहिले व त्या धर्तीवर खासबागेचे मैदान उभारले. 1912 मध्ये ते खुले झाले. पंजाबातील नामांकित मल्ल दरबाराच्या आश्रयास येऊन राहिले. या आश्रयाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम व थंडाई यांचा रोजचा खर्च, आणि तो उचलण्यास कोणी तरी समर्थ हात पाठीशी असावा लागतो. मल्लाने दुसरा व्यवसाय करावा अशी अपेक्षाच नव्हती, कारण पहाटेची मेहनत, दुपारची विश्रांती व सायंकाळची लढत यांत दिवस संपतो. म्हणून ‘तालमीचा’ असणे म्हणजे तालमीत राहणे, तेथेच जेवणे, वस्तादाच्या आज्ञेने झोपणे व उठणे. भाषेतील षष्ठी येथे अक्षरशः खरी होती.

या व्यवस्थेत एक संकेत होता, आणि निष्ठेच्या इतिहासात त्याचे महत्त्व फार. एकाच तालमीतील मल्लांची जोड इनामी मैदानात लावीत नाहीत. जो रोज आपल्या अंगाखाली-अंगावर येतो त्याला आपला प्रत्येक डाव व प्रत्येक उणीव ठाऊक असते. अशा मल्लाने तालीम सोडून दुसरीकडे जाणे म्हणजे केवळ मुक्काम हलवणे नव्हे. काल ज्याच्याबरोबर घाम गाळला तो आज प्रतिस्पर्धी होऊ शकतो. तालीम सोडणाऱ्याविषयी समाजात जी अढी असे तिचे मूळ भावनेइतकेच या व्यवहारी धोक्यातही आहे असे मला वाटते. आपल्याकडे निष्ठेचे वर्णन नेहमी अंतःकरणाच्या बाजूने केले जाते. ‘नि’ अधिक ‘स्था’, म्हणजे आत टिकून राहणे, असा त्या शब्दाचा विग्रह आहे. टिकून राहण्यास भाग पाडणारी कारणेही त्यात येतात याचा आपणांस विसर पडतो.

येथे एक लक्षणीय गोष्ट नोंदवली पाहिजे. कुस्तीच्या तालमींचे मोठे मल्ल बहुधा कोल्हापूर शहराचे नव्हते. 1959 मध्ये दिल्लीस हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे सीमाभागातील एकसंब्याचे; घडले ते शाहूपुरी तालमीत. 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे शिराळा तालुक्यातील पुनवतचे. त्यांची तालीम मोतीबाग. 1970 च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणारे हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातून येऊन गंगावेश तालमीत राहिले. पेठेशी यांचा जन्माचा संबंध काहीच नव्हता. त्यांचे तालमीशी असलेले नाते वस्तादाच्या द्वारे जोडलेले होते, आणि म्हणूनच ते मिळवावे लागत असे.

आता कार्यकालाचा विचार करू. मल्लाचा जोमाचा काळ थोडा असतो. आंदळकर 1950 च्या सुमारास कोल्हापुरास आले. 1962 मध्ये जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्ण व रौप्य अशी दोन पदके मिळवली. 1964 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ते उतरले व त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. त्या दशकाच्या अखेरीपूर्वी त्यांची मैदानी कुस्ती थांबली. खेळाडू म्हणून हा हिशेब पंधरा-सोळा वर्षांचा होतो. परंतु 2018 मध्ये निधन होईपर्यंत ते मोतीबागेचे वस्ताद म्हणूनच ओळखले गेले, आणि ही दुसरी कारकीर्द अर्धशतकाची भरते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अर्जुनवाड्याचे दादू चौगुले 1970 व 1971 असे लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी, 1973 मध्ये रुस्तुम-ए-हिंद व 1974 च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदकाचे मानकरी झाले. 2019 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र विनोद चौगुले यांनी 2000 मध्ये महाराष्ट्र केसरीचा किताब मिळवला. पठ्ठा, मल्ल, वस्ताद या तीन अवस्था एका माणसाच्या आयुष्यात क्रमाने येतात. मधल्या अवस्थेपुरतेच पाहिले तर या निष्ठेची लांबी कळणारच नाही.

पश्चिमेकडील एका उदाहरणाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. इंग्लंडच्या उत्तर भागात गिरणी व खाण कामगारांत रग्बीचा खेळ रुजला होता. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूस द्यावी की नाही यावरून वाद विकोपास गेला, आणि 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे यॉर्कशर व लँकेशरमधील संघांनी मूळ संघटनेपासून फुटून आपली निराळी संघटना काढली. आज ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला जाणारा, तेरा खेळाडूंचा खेळ त्यातून निघाला. 1898 मध्ये पैसे घेऊन खेळण्यास उघड मुभा मिळाली. तीही खेळाडूने दुसरा नियमित रोजगार केलाच पाहिजे या अटीवर. आपल्या दरबारी मल्लाच्या अगदी उलट ही व्यवस्था होती. तेथे संघनिष्ठेची नवलाची उदाहरणे आहेत. वेल्समधील कार्डिफचा जिम सलिव्हन 1921 मध्ये विगन संघात आला व 1946 पर्यंत त्या संघासाठी 774 सामने खेळला. आपल्या काळात ऑस्ट्रेलियातील कॅमेरॉन स्मिथ 2002 ते 2020 या अवधीत मेलबर्नच्या एकाच संघाकडून 430 सामने खेळला.

हे आकडे मोठे आहेत यात शंका नाही. मात्र सलिव्हनच्या चरित्राचा पुढील भाग अधिक बोलका आहे. खेळत असतानाच तो विगनचा प्रशिक्षकही झाला होता. 1952 मध्ये त्याने ते पद सोडले आणि शेजारच्या, कट्टर प्रतिस्पर्धी अशा सेंट हेलन्स संघाचे प्रशिक्षकपद पत्करले. 1956 मध्ये त्या संघास त्याने चॅलेंज कप जिंकून दिला. यात कोणास काही गैर वाटण्याचे कारण नव्हते, कारण करार संपला होता. तेथील संघनिष्ठेचा पाया नोंदणी हा होता. नोंदणी संघाच्या हाती, व बदलीचे मूल्य दिल्यावाचून खेळाडूस सुटका नाही, अशी ती दीर्घकाळ चाललेली पद्धत होती. तेव्हा त्या निष्ठेतही सक्तीचा अंश होताच. पण सक्ती कागदावर लिहिलेली असली की ती कोठे संपते हेही कागदावर लिहिलेले असते. मोतीबागेचा वस्ताद गंगावेशेचा वस्ताद होणे ही कल्पना कोल्हापुरात कोणाच्या मनात सहजी येणार नाही.

1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि खुराकाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. काही काळ तो भार मल्लाच्या घरातील म्हशींनी व जमिनीच्या तुकड्याने उचलला. पुढे कुंभी-कासारी, कागलचा शाहू यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची पद्धत सुरू केली. या मदतीचे मोल कमी लेखू नये. परंतु येथे एक बारीक फरक पडला. दरबारचा आश्रय वस्ताद व तालीम यांच्या द्वारे मल्लापर्यंत पोहोचे. मानधन कारखान्याच्या स्पर्धेतील गुणवत्तेनुसार थेट मल्लाच्या नावे मिळू लागले. खुराकाचा दाता व विद्येचा दाता वेगळे झाले.

दुसरा फरक स्पर्धेच्या रचनेने केला. 1961 पासून महाराष्ट्र केसरी किताबासाठी लढती सुरू झाल्या, आणि त्यांत मल्ल तालमीचा नव्हे तर जिल्ह्याचा प्रतिनिधी म्हणून उतरतो. 2018 मध्ये जालना येथे हा किताब जिंकणाऱ्या बाला रफिक शेख यांचे उदाहरण घ्या : गाव सोलापूर जिल्ह्यातील, काही काळ शिक्षण कोल्हापुरात आंदळकरांच्या हाताखाली, पुढील तयारी पुण्याच्या आखाड्यात, आणि प्रतिनिधित्व बुलढाण्याचे. गादीवरील कुस्तीमुळे मातीच्या हौद्याबाहेरही शिक्षण घेणे आवश्यक झाले आहे. अशा मल्लास दोष देणे अन्यायाचे होईल. खुराक, गादी, प्रशिक्षक व किताब या चार गोष्टी चार ठिकाणी वाटल्या गेल्या असता त्याने एकाच उंबऱ्यात बसून राहावे असे म्हणणाऱ्याने प्रथम दुधाचा हिशेब मांडावा.

फुटबॉलची कथा निराळी आहे. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा ही नावे तालमींची आहेत. त्यांच्या फुटबॉल संघांनी नाव घेतले, ईर्ष्याही घेतली, पण वस्ताद मात्र घेतला नाही. येथील निष्ठा पेठेतून आली. ज्या गल्लीत जन्म, त्या गल्लीचा संघ. ती कमवावी लागत नसे. छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर आले म्हणजे प्रेक्षागृहाचे जे दोन तुकडे पडतात ते या जन्मसिद्ध निष्ठेचेच रूप होय. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनकडे प्रत्येक हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते, आणि अलीकडे त्या दिवसांत शहरात जी चर्चा रंगते ती कोण कोणाकडे गेला याचीच असते. बाहेरगावचे, क्वचित परदेशचेही खेळाडू आले. पेठेचा मुलगा दुसऱ्या पेठेकडून खेळू लागला. पैशाने हे घडवले असे सरसकट म्हटले जाते. परंतु जी निष्ठा जन्माने मिळते तिला खेळ थांबल्यावर करावयाचे काही उरत नाही हे कारणही तपासले पाहिजे. तिशी ओलांडलेला फुटबॉलपटू पुन्हा प्रेक्षक होतो. मल्लाला तालमीत वस्तादाची जागा मोकळी असते.

भाषेने हा बदल आपल्या पद्धतीने टिपला आहे. ‘पाटाकडील’ या नावातच ‘कडे’ आहे, पाण्याच्या पाटाच्या कडेची ती तालीम; आणि ‘पाटाकडीलकडून’ या रूपात एकच प्रत्ययमूल दोनदा येते, पहिल्यांदा जागा सांगण्यासाठी व दुसऱ्यांदा एका हंगामाची बाजू सांगण्यासाठी. मल्लांच्या बाबतीत हे ‘कडून’ अजून फक्त जिल्ह्याला लागते : ‘बुलढाण्याकडून लढला’. तालमीला ते लागलेले मी आजवर मैदानात किंवा मैदानाच्या पत्रकांत पाहिलेले नाही.