सुटलेला दोर

जहाज फुटले की सारा दोष समुद्राच्या माथी मारून मोकळे व्हावयाचे, ही रीत जुनीच आहे. रोमँटिक चित्रकारांनीही तिला हातभार लावला. टर्नरच्या १८०५ सालच्या जहाजफुटीच्या चित्रात लाटाच कर्त्या आहेत. माणसे त्यांच्या हातची खेळणी. तेओदोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराचा ‘मेद्यूजचा तराफा’ मात्र आम्हांला निराळा वाटतो.

सेनेगलला निघालेले फ्रेंच सरकारचे ‘मेद्यूज’ हे जहाज २ जुलै १८१६ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत उथळ वाळूत रुतले. वादळ नव्हते. कप्तान शोमारे याने वीस वर्षांत जहाज हाकारले नव्हते; राजनिष्ठा हीच त्याची पात्रता! होड्या अपुऱ्या पडल्या, म्हणून तराफा बांधून त्यावर सुमारे दीडशे माणसे कोंबली. होड्यांनी तो दोराने ओढून न्यावयाचा होता. थोड्याच अंतरावर दोर सोडून देण्यात आला आणि होड्या निघून गेल्या. पुढे तराफ्यावर दंगे झाले, दुर्बळांना पाण्यात लोटले, प्रेतांचे मांस खाल्ले गेले. तेरा दिवसांनी ‘आर्गस’ जहाजाला तो सापडला, तेव्हा पंधरा जण जिवंत होते. यात समुद्राचा अपराध किती?

जेरिकोने अजून तिशीही गाठली नव्हती. वाचलेल्यांपैकी शल्यवैद्य साविन्यी व कोरेआर यांना त्याने गाठले, त्याच जहाजाच्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, प्रेते समोर ठेवून रेखाटने केली. सुमारे पाच मीटर उंच व सात मीटर रुंद असे ते चित्र १८१९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ‘जहाजफुटीचा देखावा’ या मोघम नावाने मांडले गेले. नाव झाकले, तरी पाहणाऱ्यांना ओळख पटावयाची ती पटलीच.

एवढ्या प्रचंड चित्रात समुद्र थोडाच दिसतो. डावीकडे एक लाट उठली आहे, आणि फुगलेले शीड तराफ्याला तिकडेच खेचते आहे. पुढे एक म्हातारा मृत तरुणाला मांडीवर घेऊन, सुटकेकडे पाठ करून बसला आहे. बाकीचे एकमेकांच्या आधाराने वर चढतात. सर्वांच्या वर एक आफ्रिकी पुरुष फडके हालवीत आहे. आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून विकली जात होती त्या काळी हे स्थान त्याला दिले, हे धाडस लहान नव्हे.

क्षितिजावर ‘आर्गस’ ठिपक्याएवढे आहे. प्रत्यक्षात ते प्रथम तसेच दिसेनासे झाले आणि दोन तासांनी परत आले. जेरिकोने रंगविला तो पहिल्या दर्शनाचा क्षण. शोमारे चित्रात कोठेच नाही. होडीतून तो सुखरूप किनाऱ्याला लागला होता. पुढे १८१७ साली त्याला तीन वर्षांची कैद झाली.