भाड्याच्या घरात भिंतींना बुरशी आली, तर दुरुस्ती कोणी करायची?

पावसाळ्यात कपाटामागे काळे ठिपके दिसतात, रंगाचे पोपडे निघतात आणि कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. घरमालक म्हणतो, "खिडक्या उघड्या ठेवत जा." भाडेकरू म्हणतो, "भिंतीतूनच पाणी येतंय." अशा वेळी महाराष्ट्रात कायदा काय सांगतो आणि भाडेकरूने काय करावं?

बुरशी गांभीर्याने का घ्यायची?

ओलसर, बुरशी आलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधील मार्गदर्शक सूचनांत नमूद केलं आहे. लहान मुलं, वृद्ध आणि दम्याच्या रुग्णांनी विशेष जपावं. वरून रंग मारून बुरशी जात नाही. ओल थांबली नाही, तर ती पुन्हा येते.

आधी पाणी कुठून येतंय ते पाहा

जबाबदारी कोणाची, हे त्यावरच ठरतं. छताला डाग असेल, तर वरच्या फ्लॅटचं बाथरूम किंवा गच्ची गळत असण्याची शक्यता असते. बाहेरच्या भिंतीला ओल असेल, तर तडे किंवा पाइप तपासावे लागतात. पाणी कुठूनच झिरपत नसेल आणि बंद खोलीत रोज ओले कपडे वाळत असतील, तर हवा खेळती ठेवणं हे राहणाऱ्याचं काम. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची, पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपची गळती दुरुस्त करणं संस्थेकडे येतं. फ्लॅटच्या आतली गळती त्या सदस्याने दुरुस्त करायची असते.

तुमचा करार कोणता आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार झालेला नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. भाडं महिना ८,००० रुपये असेल, तर वर्षाचं भाडं ९६,००० आणि मर्यादा २४,००० रुपये.

इथे मोठी मेख आहे. मुंबई-पुण्यात बहुतेक घरं ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिली जातात. त्यात राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून 'परवानाधारक' असते. त्यामुळे कलम १४ चा हा थेट आधार तिला मिळेल, असं धरून चालू नये. तिच्यासाठी करारातलं दुरुस्तीचं कलम सर्वांत महत्त्वाचं. शिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणं मालकाचं कर्तव्य आहे.

काय करावं?

१. डागांचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. दर आठवड्याला पुन्हा काढा, म्हणजे ओल पसरतेय का ते दिसेल.

२. मालकाला लेखी कळवा. फोनवर बोलणं झालं, तरी त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल करा.

३. गळती वरच्या फ्लॅटमधून किंवा सामायिक भागातून असेल, तर मालकाला संस्थेकडे लेखी तक्रार द्यायला सांगा. सदस्य तोच असतो.

४. दाद मिळाली नाही, तर पोचपावतीसह टपालाने १५ दिवसांची नोटीस पाठवा.

५. दुरुस्ती स्वतः करणार असाल, तर आधी अंदाजपत्रक घ्या आणि सगळी बिलं जपा. परवानाधारकाने मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय भाड्यातून पैसे कापू नयेत.

६. तरीही अडलं, तर वकिलाचा सल्ला घ्या. महिलांना तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळू शकते. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते.

हे टाळा

रागाच्या भरात भाडं थांबवू नका. थकबाकी झाली, की घर रिकामं करून मागायला मालकाला कारण मिळतं. दुसरीकडे, तक्रार केली म्हणून मालक भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडू शकत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २९ त्याला मनाई करतं.

नवं घर घेताना

घर शक्यतो पावसाळ्यात पाहा. कपाटामागे, खिडकीखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हात फिरवून बघा. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल, तर कारण विचारा. चावी घेताना घराचे फोटो काढून मालकाला पाठवा. डिपॉझिट परत घेताना ओलीचे डाग आधीपासून होते, हे दाखवायला ते उपयोगी पडतात. गळतीची दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची, हे करारात लिहून घ्या. करार नोंदणीकृतच असावा. कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे.